टॅटूचं पथ्यपाणी

आपल्याकडे जखम ही कोणाची खासगी मालमत्ता नसते. खात्री करून घ्यायची असेल तर बोटाला पट्टी बांधून डोंबिवलीहून सीएसएमटीची लोकल पकडा. ठाणं येईपर्यंत "काय झालं हो?" विचारणारे भेटतात. घाटकोपरपर्यंत "आमच्या साडूंना अस्संच झालं होतं, शेवटी बोट काढावं लागलं" असं सांगून धीर देणारे भेटतात. आणि दादरला उतरता उतरता कोणीतरी मलमाचं नाव लिहिलेला तिकिटाचा तुकडा तुमच्या खिशात कोंबून जातो. तो माणूस डॉक्टर नसतो. त्याला तशी गरजही वाटत नाही.

अशा समाजात टॅटू काढणं म्हणजे पदरचे पैसे घालून जखम करून घ्यायची आणि ती लोकांच्या स्वाधीन करायची. टॅटू हा आधी जखम असतो आणि मग चित्र, हे काढणाऱ्याला ठाऊक असतं, पण काढून घेणाऱ्याला घरी आल्यावर कळतं. स्टुडिओच्या भिंतीवर गरुड असतात, वाघ असतात, शंकराची जटा असते. खपलीचा फोटो कोणी फ्रेम करून लावत नाही. सुईचं दुखणं तास-दोन तासांचं, ते ज्याचं त्याने सोसायचं. पुढचे दोन-तीन आठवडे मात्र सगळं घर सोसतं.

माझी भाची नोकरीसाठी आमच्याकडे राहते. पहिली पगारवाढ झाल्यावर तिने ठाण्याला जाऊन डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, लाल जास्वंद काढून घेतली. जास्वंद निवडण्यामागे धोरण होतं. गणपतीचं फूल म्हटल्यावर आजीचा आक्षेप आपोआप गळून पडेल, असा तिचा हिशेब. तो बरोबर निघाला. आजी फुलाबद्दल एक अक्षर बोलली नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलली.

टॅटूबरोबर एक छापील कागद मिळतो. त्यावर पुढचं पथ्यपाणी दिलेलं असतं. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने हलकेच धुवा. टॉवेलने पुसू नका, कागदी रुमालाने टिपा. बिनवासाचं क्रीम अगदी पातळ लावा. घासू नका. खाजवू नका. खपली काढू नका. पोहू नका. पाण्यात बुडवून ठेवू नका. उन्हात नेऊ नका. घट्ट बाहीचे कपडे घालू नका. फार घाम येईल असं काही करू नका. ही शेवटची अट वाचून मी वर पंख्याकडे पाहिलं. ज्याने ती लिहिली तो सकाळच्या गर्दीच्या लोकलने प्रवास करत नसावा.

आईने यादी शांतपणे ऐकून घेतली.

"किती दिवस?"

"दोन-तीन आठवडे, आजी."

"कांदा-लसूण?"

"अगं, खाण्याचं काही नाही यात."

"बरं. मग उद्यापन कधी?"

भाची हसली, पण आईने कागदाचं मर्म पकडलं होतं. त्यात करायच्या गोष्टी तीन आणि न करायच्या डझनभर. नव्या टॅटूची देखभाल म्हणजे मुख्यतः काहीही न करणं. स्वच्छ ठेवायचा, जरासा ओलसर ठेवायचा आणि उरलेला वेळ त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. दुर्दैवाने मराठी घराला नेमकं हेच जमत नाही. दुखण्याकडे नुसतं बघत बसणं याला आपल्याकडे उपचार म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात. घरात पाच माणसं असतील तर दुखणाऱ्या जागेवर पाच थर चढलेच पाहिजेत. त्यातला आपला थर चुकला तर पुढे कधीतरी "मला कोणी विचारलंच नाही" हे ऐकावं लागतं.

आईचा थर हळदीचा. भाची हात धुऊन आली, तेव्हा ओट्यावर वाटीत हळद आणि तूप कालवून तयार होतं. आता हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे आपल्या घरात राजद्रोह. पण खरी गोष्ट अशी की स्वयंपाकघरातली हळद आमटीसाठी दळलेली असते, उघड्या जखमेसाठी नाही. डब्यातला चमचा कितीतरी हातांतून फिरलेला असतो, फोडणीची वाफ खाल्लेला असतो. शिवाय हळद स्वतःच डाग पाडण्यात पटाईत. लाल जास्वंदीवर चार दिवस हळदीचा लेप दिला, तर हातावर जास्वंद आहे की झेंडू यावरून घरात वाद व्हायचा.

बायकोचा थर खोबरेल तेलाचा. "शुद्ध घाण्याचं आहे," ती म्हणाली, म्हणजे विषय संपला. पण सुरुवातीच्या दिवसांत जखमेतून पाझर असतो. त्यावर जाड, तेलकट थर दिला की ओल आत कोंडते, खपली भिजून मऊ पडते आणि निघताना रंग घेऊन निघते. क्रीम लावलेलं डोळ्यांना जेमतेम कळावं इतकंच लावायचं असतं. आपल्याकडे जेमतेम लावण्याला कंजूषपणा म्हणतात.

शेजारच्या काकू कोरफड घेऊन आल्या, त्यांच्या गॅलरीत नुकतीच कापलेली, कुंडीतल्या मातीसकट. खालच्या मजल्यावरच्या काकांनी साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दिल्या आणि कॉफी बंद करायला सांगितलं. दूध घालायला येणाऱ्याने टूथपेस्ट सुचवली. ती भाजल्यावर लावतात, असं कोणीतरी म्हणालं, त्यावर तो म्हणाला, "आग होतेय ना? मग तेच." तसं पाहिलं तर भाजल्यावरही टूथपेस्ट लावायची नसते, पण हे त्याला सांगायला कोणी धजलं नाही. सकाळचं दूध बंद झालं असतं.

या सगळ्या मंडळींचं एक गृहीत होतं. जखम बरी करायची जबाबदारी बाहेरून कोणीतरी घ्यावी लागते. वास्तविक त्या कामाला आत केव्हाच माणसं लागलेली असतात. टॅटूची सुई कातडीच्या वरच्या थरातून जाऊन खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल रंग सोडते. हे काम यंत्र सेकंदाला शंभराच्या आसपास टोचे मारत करतं. हे विजेवरचं टॅटूयंत्र सॅम्युअल ओरायली नावाच्या न्यूयॉर्कच्या टॅटूवाल्याने 1891 साली पेटंट करून घेतलं. त्याने ते एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून बेतलं होतं. ती लेखणी कागदाला बारीक भोकं पाडून त्यावरून कचेरीतल्या कागदपत्रांच्या प्रती काढण्यासाठी होती. कागदाऐवजी माणूस ठेवला की झालं, हे सुचायला टॅटूवालाच लागला.

वरचा थर दर महिन्याभरात झडून नवा होतो. रंग तिथेच राहिला असता तर टॅटू पुढच्या भाड्याच्या तारखेपर्यंत टिकला नसता. खालच्या थरात रंग पोहोचला, की परका माणूस घुसला म्हणून शरीर आपल्या पहारेकरी पेशी पाठवतं. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने 1882 साली इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून अशा पेशी जमताना पाहिल्या आणि पुढे 1908 साली त्यांना नोबेल मिळालं. या पेशी रंगाचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत. सरकारी कचेरीत एखादी फाईल जशी एका कारकुनाच्या टेबलावर येते, तो ती निकालात काढत नाही, पुढेही पाठवत नाही, निवृत्त होतो, आणि त्याच्या जागी आलेला ती तशीच आपल्या खणात ठेवतो, तसंच इथे चालतं. एक पेशी मेली की तिच्यातला रंग शेजारची नवी पेशी गिळून बसते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे टॅटू जन्मभर टिकतो तो कोणाच्या कलेमुळे नाही, तर काम तुंबल्यामुळे.

हे मी घरात सगळ्यांना समजावून सांगितलं. आई म्हणाली, "मग त्या पेशींना मदत म्हणून थोडी हळद?"

पहिली रात्र सगळ्यात ओली असते. जखमेतून पातळ पाणी आणि जादा झालेला रंग पाझरत राहतो. हल्ली बरेच टॅटूवाले इस्पितळात सलाईनच्या सुईवर लावतात तसली पारदर्शक, चिकट पट्टी लावून देतात. मग सगळा चिखल पट्टीखाली साठतो. दिसायला भयंकर, पण तो बाहेर येत नाही. भाचीला साधं प्लास्टिक गुंडाळून दिलं होतं, ते सांगितलेल्या वेळी काढायचं होतं आणि तिने ते काढलं. सकाळी नव्याकोऱ्या पांढऱ्या चादरीवर जास्वंदीचा सुबक ठसा उमटलेला होता, पाकळ्या-परागांसकट. बायकोने चादर उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "हातावरचं एक वेळ जाईल. हे नाही जायचं." नवा टॅटू काढून आलेल्याला घरातली सर्वांत जुनी, गडद रंगाची चादर द्यावी, ही सूचना छापील कागदावर नव्हती. ती पहिल्या ओळीत हवी.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाज सुटते. साधी खाज नव्हे. लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, आरतीत, दोन्ही हात अडकलेले असताना बरोबर सुटते. खाजवायचं नाही, नखाने तर मुळीच नाही. फार झालं तर स्वच्छ हाताने हलकेच थापटायचं. भाची रात्री-बेरात्री आपल्याच हातावर चापट्या मारत बसे. दोन रात्री आवाज ऐकल्यावर शेजारच्या काकूंनी डास घालवायची अगरबत्ती आणून दिली आणि जाता जाता आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये पाणी साचलंय का, हेही वाकून पाहून गेल्या.

त्यानंतर सुरू होतं ते कात टाकणं. वरच्या थराला सुईने भोकं पडलेली असतात, तो थर आता सुटायला लागतो. सुटताना त्याच्याबरोबर थोडा रंगही जातो, त्यामुळे लाल, हिरवे, काळे पापुद्रे पडतात. खालचा रंग जागच्या जागी असतो, पण बघणाऱ्याला वाटतं, गेलं सगळं धुऊन. नेमक्या याच दिवशी साताऱ्याहून भावोजींचा व्हिडिओ कॉल आला. भावोजी बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी पोरीचा हात मोबाइलच्या पडद्यावर जवळून पाहिला.

"रंग निघतोय!"

"बाबा, तो निघतोच."

"मग पैसे कशाचे घेतले त्यांनी? पावती आहे ना? गॅरंटी किती वर्षांची?"

"बाबा, टॅटूला गॅरंटी नसते."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? सही करण्याआधी वाचून घ्यायचं."

भावोजींनी ग्राहक मंचाकडे जायचा मसुदा डोक्यात तयार केला होता. ते शांत झाले ते दोन गोष्टी कळल्यावर. पापुद्रे गेल्यावर काही दिवस चित्र दुधाळ, अंधूक दिसतं. वरची कातडी अजून कोवळी असते म्हणून तसं दिसतं, ती पिकली की रंग उघडतो. आणि कुठे रंग कमी धरला असेल, तर पूर्ण बरं झाल्यावर तेवढा भाग पुन्हा भरून देण्याची बहुतेक टॅटूवाल्यांकडे पद्धत असते. "म्हणजे विक्रीनंतरची सेवा," भावोजी समाधानाने म्हणाले.

त्यांचं समाधान फार टिकलं नाही. दरवर्षी गणेशोत्सवातल्या शिबिरात ते रक्तदान करतात आणि यंदा लेकीलाही नेणार होते. टॅटू काढल्यावर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 12 महिने रक्त देता येत नाही. सुई नीट निर्जंतुक नसेल तर कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्ही शरीरात शिरू शकतो आणि काही काळ तपासणीत पकडलाही जात नाही, म्हणून ही खबरदारी. भावोजींनी थोडा वेळ हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे लॉक-इन पिरियड आहे."

आता महाराष्ट्रात राहून टॅटू काढायचा कधी, हा प्रश्न पंचांग घेऊन बसल्याशिवाय सुटत नाही. अट साधी आहे. तीन आठवडे घाम नको, ऊन नको, पाण्यात डुंबणं नको, रंग नको, गर्दीत घासणं नको. तेवढीच सलग मोकळी जागा आपल्या वर्षात शोधून दाखवा. चैत्र-वैशाखात उन्हाची काहिली आणि लग्नसराई. लग्न म्हटलं की हळद आली, आणि "टॅटू ओला आहे, मला हळद नको" हे वाक्य करवल्यांच्या गराड्यात ऐकू येत नाही. ज्येष्ठ-आषाढात पाऊस, चिखल आणि सह्याद्रीतले ट्रेक. श्रावण संपता संपता दहीहंडी. तिथे पाणी, घाम, घासणं आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून पडणं हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं. भाद्रपदात ढोलताशा पथक आणि गुलाल. आश्विनात गरबा. दिवाळीत तर अभ्यंगस्नान. भल्या पहाटे अंगभर तेल आणि वर खरबरीत उटणं, तेही आईने स्वतःच्या हाताने रगडून. टॅटूच्या खपलीचा याहून मोठा शत्रू विज्ञानाला अजून सापडलेला नाही. फाल्गुनात रंगपंचमी.

भाचीने कालनिर्णयवर बोट फिरवत एक जागा शोधून काढली. पितृपक्ष! त्या पंधरवड्यात लग्न नाही, सण नाही, नवी खरेदी नाही, कोणी कुठे बोलवत नाही. वैद्यकीयदृष्ट्या उत्तम मुहूर्त. तिने पुढच्या टॅटूचा बेत तसा जाहीरही केला.

"पितृपक्षात?" आई म्हणाली. "कोणाला दाखवायला?"

त्यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. मग मी पौष सुचवला. पौषात आपल्याकडे सहसा लग्नं करत नाहीत, हवा थंड असते, घाम नसतो, पूर्ण बाहीचा सैल सुती सदरा घालता येतो आणि तलावाचं पाणी इतकं गार असतं की पोहण्याचा मोह आपोआप आवरतो. मधे संक्रांत येते, पण तीळगूळ द्यायला उजवा हात पुरतो. टॅटूवाल्यांनी पौषाची जाहिरात का करू नये, हे मला कळत नाही. ज्या महिन्याला वर्षानुवर्षं भाकड म्हणून हिणवलं, त्याला एक धंदा तरी मिळेल.

पंचांगात न बसणारी आणखी एक जागा आहे, ती म्हणजे गोवा. मित्रमंडळी गोव्याला जातात ती समुद्रात डुंबायला. पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळंगुट-बागाच्या रस्त्यावर टॅटूचं दुकान दिसतं आणि कोणाच्या तरी मनगटावर नांगर उमटतो. दुसऱ्या सकाळी नांगर मालकासह समुद्रात. समुद्राचं खारं पाणी जखमेला औषधी असतं, हे सांगणारा एक मित्र प्रत्येक टोळक्यात असतो. त्या पाण्यात मीठ असतं तसे जंतूही असतात आणि उबदार खाऱ्या पाण्यातले काही जंतू उघड्या जखमेतून शिरले तर जिवावर बेततं. अमेरिकेत ताज्या टॅटूनिशी समुद्रात उतरलेला, यकृताचा जुना आजार असलेला एक माणूस अशाच जंतूंमुळे दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. तेव्हा गोव्यात क्रम उलटा ठेवावा. आधी पोटभर समुद्र, आणि टॅटू काढायचाच असेल तर परतीची बॅग भरून झाल्यावर. मात्र मग रात्रभराच्या बसमध्ये तो हात खिडकीच्या बाजूला येईल अशी जागा घ्यावी, शेजारच्याच्या डोक्याच्या बाजूला नाही.

या सगळ्या पथ्याची आई मनातल्या मनात मजा घेत होती, कारण तिच्या हातावर गोंदण आहे. लहानपणी गावच्या जत्रेत काढलेलं तुळशी वृंदावन आणि हनुवटीवर एक ठिपका. सुया, काजळीचा रंग, वर हळद, झालं. छापील कागद नाही, क्रीम नाही, कागदी रुमाल नाही. "दुसऱ्या दिवशी शेणाच्या गोवऱ्या थापल्या या हाताने," ती म्हणाली. "काही झालं नाही." सबंध गावाच्या आयाबाया त्याच सुईने गोंदवून घ्यायच्या आणि काही झालं नाही, हेही तिने वर सांगितलं.

यावर काय बोलणार? काही झालं नाही असं सांगायला, ज्यांना काही झालं नाही तेच उरतात. ज्यांचे हात सुजले, ज्यांना तापाने घेरलं, ज्यांना पुढे कित्येक वर्षांनी काविळीने गाठलं, त्यांनी गोंदणाचा आणि दुखण्याचा संबंध जोडलाही नसेल. म्हणून आज सुई एकाच माणसासाठी वापरून टाकून द्यायची, ती आपल्यासमोर पाकिटातून काढायला लावायची आणि रंगही छोट्या वेगळ्या टोपणात ओतून घ्यायचा. हे नखरे नाहीत. जत्रेत सुई बदलायची सोय असती तर आईच्या मैत्रिणींनीही ती बदलून मागितली असती. निदान घासाघीस करून मागितली असती.

गोंदणामागची जुनी समजूत मात्र मला फार आवडते. मेल्यावर दागदागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. त्याचा पुरावा आल्प्सच्या बर्फात मिळाला. 1991 साली तिथे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक माणूस गोठलेला सापडला. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्या अंगावर 61 खुणा गोंदलेल्या आहेत, काजळीसारख्या काळ्या रंगाच्या, अजून स्पष्ट. टॅटूची इतकी चोख निगा दुसऱ्या कोणी राखली नसेल. पाच हजार वर्षं ऊन नाही, घाम नाही, खाजवणं नाही आणि मुख्य म्हणजे नातेवाईक नाहीत.

आपल्याला बर्फात झोपायची सोय नाही, तेव्हा ऊन टाळायचं ते आपल्याच हिकमतीने. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत वर सनस्क्रीनही लावायचं नसतं, फक्त सैल कपड्याने झाकायचं. बरी झाल्यावर मात्र बाहेर पडताना तीस किंवा त्याहून अधिक एसपीएफचं सनस्क्रीन लावत राहायचं, कारण उन्हाने टॅटू विटतो. ही पुढची कित्येक वर्षांची चाकरी आहे आणि तिचा उल्लेख दरपत्रकात नसतो.

आता थोडं गंभीर. सुरुवातीचे दोन-चार दिवस लाली, सूज, कोमटपणा आणि आग होणार, ते ठरलेलं आहे आणि ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. कमी होण्याऐवजी वाढत गेलं, लाली चित्राबाहेर पसरायला लागली, पू आला, वास येऊ लागला, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप भरला, तर ओट्यावरच्या वाट्यांकडे पाहू नका, टॅटूवाल्याला फोटो पाठवून वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. लाल रंगाची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त वेळा येते आणि ती कधी कधी महिन्यांनीही उपटते. तेव्हा जास्वंदवाल्यांनी फुगीर, खाजरा उंचवटा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. ज्यांना मधुमेह आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत किंवा जखमेचा वण गाठीसारखा वाढतो, त्यांनी टॅटू काढण्याआधीच डॉक्टरला विचारावं. मागाहून विचारलं तर डॉक्टरकडे तेच उत्तर असतं, फक्त आवाज वेगळा असतो.

भाचीची जास्वंद छान उमलली आहे. ती बरी झाली याचं श्रेय आई हळदीला देते, जी लावलीच नाही. बायको तेलाला देते, जे एकदाच लावलं आणि लगेच धुतलं. काका गोळ्यांना देतात, ज्या अजून डबीत आहेत. शेजारच्या काकूंनी कोरफडीचं रोप दारात आणून ठेवलं आहे, पुढच्या टॅटूसाठी. आणि खरं काम केलेल्या त्या मॅक्रोफेज मंडळींचं कोणी नावही घेत नाही. मराठी घरात राबणाऱ्याच्या वाट्याला एरवीही हेच येतं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कोणी टॅटू काढून आलं, तर तुमच्याकडून फार काही अपेक्षित नाही. "दुखतंय का?" एवढं विचारा. एक जुनी, गडद चादर काढून द्या. "ही काय भानगड?" हा प्रश्न तीन आठवडे पुढे ढकला, तो नासत नाही. जवळून पाहायचं असेल तर जरूर पाहा, पण डोळ्यांनी. हात लावल्याशिवाय राहवतच नसेल, तर आधी ते साबणाने धुऊन या आणि मग पाठीमागे बांधून उभे राहा.